रेघा उतेकर सरांच्या

उतेकर सर आल्याचं आम्हाला त्यांच्या छत्रीवरून कळायचं. आमच्या महाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाच्या दाराशी पावसाळाभर काळ्या छत्र्या पाणी गाळत उभ्या असतात. सगळ्या एकसारख्या. त्यांतल्या एकीवरच पांढऱ्या ऑइलपेंटने, शाळेच्या पाटीवर शोभेल अशा ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असायचं : 'गंगाराम उतेकर, कलाशिक्षक (निवृत्त), पोलादपूर'. छत्रीवर इतकं कशाला लिहायचं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाई, चोरणाऱ्याला निदान कळायला हवं की आपण कुणाची चोरली."

मला ते 'बाई' म्हणत. कॉलेजात बाकी सगळे मॅडम म्हणतात. पण उतेकर सरांच्या लेखी शिकवणारी बाई ती बाई, मग ती बालवाडीत शिकवो की कॉलेजात.

ते आमच्याकडे आले ते पुरामुळे. मागच्या मोठ्या पुरात सावित्री आमच्या तळमजल्यात शिरली आणि वर्षानुवर्षं दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवलेल्या वनस्पतींचा लगदा करून गेली. आमचे विभागप्रमुख प्रधान सर त्या लगद्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आता पुस्तकच करायचं. महाड-पोलादपूरच्या कंदवनस्पतींचं. चित्रांसकट." फोटो का नकोत, असं कुणीतरी विचारलं. फोटोत कंदाच्या मुळ्या एकमेकींत हरवतात, चित्रात त्या मोकळ्या करून दाखवता येतात, हे त्याला सरांनी समजावून सांगितलं. आणि मग चित्रकाराचा शोध सुरू झाला तो पोलादपूरच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या उतेकर सरांपाशी येऊन थांबला.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना शिस्त लावली. झाड आणायचं ते मुळासकट. मातीसकट आणलं तर उत्तम. पानं खुडलेली चालणार नाहीत. चित्र चालू असताना टेबलाला कुणी धक्का लावायचा नाही, आणि "अजून झालं नाही का?" असं तर मुळीच विचारायचं नाही. मग भिंग डोळ्याला लावून ते त्या झाडाशी बोलायला लागत. "जरा इकडे बघ. हां. आता हा हात असा का वाकडा केलास?" आमच्या विद्यार्थिनी तोंडात ओढणी कोंबून बाहेर पळायच्या. पण रेघ जी उमटायची ती अशी, की हसणाऱ्या पोरी परत येऊन त्यांच्या खांद्यामागे गप्प उभ्या राहायच्या. एका दमात पानाच्या देठापासून टोकापर्यंत. पेन उचललं की ते मान तिरकी करून रेघेकडे पाहत, आणि "वा, उतेकर!" असं स्वतःच म्हणत. आम्ही कौतुक करायची वाट बघण्याइतका धीर त्यांच्याजवळ नव्हता.

अशा शास्त्रीय चित्रांत छाया पेन्सिलीने चोपडून दाखवत नाहीत. शाईचे बारीक बारीक ठिपके द्यायचे. जिथे गोलाई वळते तिथे दाट, जिथे उजेड पडतो तिथे विरळ. हे काम फार चिकाटीचं. उतेकर सर कॉलेजात बसून फक्त रेघा काढायचे. मग कागद गुंडाळीत घालून पोलादपूरची एस.टी. पकडायचे आणि आठवड्याने परत यायचे तेव्हा कंद कागदावरून उचलून घ्यावा इतका गोल झालेला असायचा. "ठिपके इथेच का नाही देत, सर?" असं मी विचारलं की म्हणत, "ठिपके घरी पडतात." जणू पागोळीचं पाणी पडतं तसे ते आपोआपच पडत असावेत. आम्हीही पुढे काही विचारलं नाही.

नावाची मात्र त्यांना भारी हौस. हौस कसली, तो त्यांचा धर्मच होता. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात सही झाल्याशिवाय कागद ते हातातून सोडत नसत. "नाव नसलेलं चित्र म्हणजे डाग," असं त्यांचं ठाम मत. आणि गंमत अशी की आयुष्यभर त्यांनी नावं लिहिली ती दुसऱ्यांची. पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतली माणसं मुंबईला कामाला. गावच्या देवळाला ती मंडळी पंखे देतात, बाक देतात, घंटा देतात, आणि प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव हवं असतं. ते लिहायला उतेकर सर. कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या नातवाच्या बारशाप्रीत्यर्थ, सगळं त्यांच्याच हातचं.

त्यांच्याच वाडीतल्या देवीच्या देवळातला पंखा त्या भागात प्रसिद्ध आहे. मुंबईच्या मंडळाने दिलेला. तिन्ही पात्यांवर सरांनी देणगीदारांची नावं लिहिली, आणि जाता जाता दांडीच्या वरच्या टोकाला छताशी जी वाटी असते तिच्यावर बारीक लाल अक्षरांत 'अक्षरलेखन : उतेकर' असं घालून टाकलं. पंखा चालू झाला आणि घोटाळा लक्षात आला. पाती फिरली की त्यांवरची नावं गायब. वाटी फिरत नाही, तेव्हा दिसायचं ते एकट्या उतेकरांचं. म्हणजे पंखा बंद असेल तेव्हा मंडळाचा, आणि वारा द्यायला लागला की सरांचा! मंडळाचे सेक्रेटरी शिमग्याला गावी आले ते तडक सरांच्या घरी.

"सर, ये क्या चल रहा हाय? फॅन आमी डोनेट केला आणि क्रेडिट तुमाला?"

"पंख्याचं क्रेडिट तुमचं," सर शांतपणे म्हणाले. "अक्षराचं माझं."

"पन दिसताय तुमचाच ना!"

"मग पंखा हळू फिरवा."

शेवटी गावकी बसली. बरीच आरडाओरड झाल्यावर असं ठरलं की सरांचं नाव पुसायचं नाही, पण वाटी अशी फिरवून बसवायची की नावाचं तोंड गाभाऱ्याकडे होईल. भक्तांना दिसणार नाही. सरांनी ते मान्य केलं. "देवीला वाचता येतं," एवढंच म्हणाले.

अशा माणसाचं आणि आमच्या प्रधान सरांचं कसं जमायचं! प्रधान सर मूळचे पुण्याचे. माणूस सज्जन, पण चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधणारा. पुस्तकाचं काम चालू असताना त्यांनी एका नियतकालिकात रानसुरणावर लेख दिला. सोबत उतेकर सरांचं चित्र. छापून आलं तेव्हा जागा पुरावी म्हणून कोपरा कापलेला, म्हणजे सही गेलेली, आणि खाली छापलं होतं : 'चित्र : लेखक'.

त्या दिवशी उतेकर सरांनी छत्री दाराशी ठेवली नाही. हातात घेऊनच आत आले.

"हे कुणी काढलंय?" अंक टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं.

"अहो, म्हणजे... त्यांचा तसा छापील साचा असतो," प्रधान सर म्हणाले. "पण मी आभारात लिहिलंय ना. हे बघा, शेवटी. 'चित्रांसाठी साहाय्य करणाऱ्या सर्वांचे आभार'."

"सर्वांचे?" उतेकर सरांनी विभागात चहूकडे पाहिलं. "सर्व म्हणजे कोण? मी एकटाच सर्व काय?"

प्रधान सर हसायला गेले, पण समोरचा चेहरा पाहून थांबले. उतेकर सरांनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, आतली भाजीची वाटी उचलली आणि उलटी धरली. वाटी रिकामी होती म्हणून बरं. तळाशी नाव कोरलेलं होतं. "साधी वाटी असते सर. कुणी दिली ते तिच्यावर घालतात. पाच-पन्नास वर्षं घासून घासून वाटी झिजते, नाव राहतं. मला मानधन वाढवून नको, सत्कार नको, नारळ नको. माझ्या रेघेखाली माझं नाव लिहा. नाय लिहिलंत तर तुमचा तो रानसुरण रानातच बरा होता."

'नाही'चं 'नाय' झालं की सर खरोखर दुखावले आहेत हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांना हसायची आम्हाला सवय. त्या दिवशी कुणी हसलं नाही. प्रधान सरांनी पुस्तकात नक्की बघू असं सांगितलं. पण 'बघू' म्हणजे काय ते शाळेत उभी हयात काढलेल्या माणसाला सांगायला नको. उतेकर सरांनी आपला बंदोबस्त आपणच केला.

पुस्तकाचं बाड पुण्याच्या प्रकाशनाकडे गेलं. त्यांनी ते एका जाणकाराला तपासायला दिलं, आणि त्याची शंका आली. सापकांद्याच्या वर्णनात प्रधान सरांनी लिहिलं होतं, 'कंदाच्या माथ्यावरून फुटणाऱ्या मुळ्यांपैकी डावीकडील एक मूळ आडवे जाऊन अनेकदा वळते व पुन्हा सरळ होते.' आता चित्रासाठी आणलेला कांदा केव्हाच कुजून गेला होता, तेव्हा वर्णन लिहिलं होतं उतेकर सरांच्या चित्रावरून. जाणकाराचं म्हणणं, असं मूळ सापकांद्याला आजवर कुणी पाहिलेलं नाही. हा वेगळा प्रकार तर नव्हे?

प्रधान सरांना हर्षवायू व्हायचाच बाकी होता. नवा प्रकार! सापकांद्याचा! महाडात! त्यांनी त्याला नाव काय द्यायचं याचाही विचार सुरू केला, आणि ते नाव वनस्पतीपेक्षा प्रधान सरांच्या जास्त जवळचं होतं असा मला दाट संशय आहे. भर पावसात आमची पलटण कशेडी घाटात निघाली. आम्ही चिखलात लोळून कांदे उकरले, जळवा उपटल्या, आणि घाटातले ट्रकवाले हॉर्न देऊन आमची चौकशी करत गेले. एकाही कांद्याला ते वळणदार मूळ नव्हतं.

परत आल्यावर मी मूळ चित्र भिंगाखाली धरलं. ते आडवं मूळ बघता बघता मला ओळखीचं वाटायला लागलं. ती शिरोरेघ होती. तिच्याखाली 'उ' लोंबत होता, मग 'ते', मग 'क', आणि अगदी टोकाचं मूळ 'र'च्या वळणाने मातीत गेलं होतं. मी इतक्या जोरात हसले की शेजारच्या रसायनशास्त्रातून माणसं बघायला आली.

"उतेकर, हे काय आहे?" प्रधान सरांचा आवाज चिरकला होता.

"सही."

"सापकांद्याच्या मुळात?"

"कोपऱ्यात केली की तुम्ही कापता," उतेकर सर म्हणाले. "म्हणून आत केली. आता कापायची तर कांदा कापा."

प्रधान सरांनी आधी डोक्याला हात लावला, आणि मग, हे त्यांचं मोठेपण म्हणायला हवं, तेही हसले. त्यांनी स्वतःच प्रकाशनाच्या संपादक बाईंना फोन लावला, घडलं ते सगळं सांगितलं, आणि सर्वांना ऐकू यावं म्हणून फोन टेबलाच्या मध्ये ठेवला. पलीकडे बराच वेळ हसू चाललं होतं. मग त्या बाई गंभीर झाल्या. "पण मग चित्रकाराचं नाव बाडात का नाही? आमच्याकडे ते प्रत्येक चित्राखाली जातं. आत पहिल्या पानावरही, लेखकाच्या खाली. नाव कसं लिहायचं, सांगता का?"

उतेकर सरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. एवढी वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते समोर येऊन उभं होतं. "लिहा," ते म्हणाले. "गंगाराम..."

"हो, आणि एक विचारायचं राहिलं," संपादक बाई म्हणाल्या. "चित्रं पूर्णपणे तुमच्याच हातची आहेत ना? अजून कुणाचा हात लागला असेल तर तेही नाव द्यावं लागतं."

आम्ही उतेकर सरांकडे पाहत राहिलो. खिशाला लावलेलं पेन त्यांनी काढलं, टोपण उघडलं, परत लावलं.

"रेघा माझ्या," ते शेवटी म्हणाले.

"बरं. आणि ते ठिपके? छाया?"

"घरी विचारून सांगतो."

फोन बंद झाला. प्रधान सरांनी चष्मा पुसला, आणि आयुष्यात क्वचित मिळते ती संधी अजिबात वाया घालवली नाही. "उतेकर," ते मऊ आवाजात म्हणाले, "मी काय म्हणतो, आभारात 'सर्वांचे' लिहूया का?"

उतेकर सरांचे कान लाल झाले. निघताना ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही चला घरी. मला एकट्याला विचारायला जमणार नाय."

पोलादपूरला स्टँडपासून जरा चढावर त्यांचं घर. पडवीत सरांच्या पत्नी, काकी, पाट पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. पाटावर पुस्तकासाठी राहिलेल्या शेवटच्या चित्रांतला एक कंद. सरांनी काढलेल्या रेघांच्या आत त्या ठिपके टाकत होत्या. पेन चिमटीत उभं, रांगोळी धरावी तसं. चुलीवरची डाळ उतू गेल्याचा वास आला की उठायच्या, परत येऊन नेमक्या त्याच जागी पेन टेकवायच्या.

"काकी, सगळे ठिपके तुमचे?"

"मग कुनाचे?" त्यांनी मान वर केली नाही. "त्यांच्या हातानं ठिपका थांबत नाय. टेकवला की त्याला शेपूट फुटतो. रेघ वढतात बरी."

"पुस्तकात तुमचं नाव घालायचंय."

"मला काय करायचाय नाव? रेशनकार्डावर हाय की."

सरांच्या चेहऱ्यावर इतका वेळ नसलेला तजेला आला. "बघा! तीच नको म्हणते."

"सर," मी म्हटलं, "प्रधान सर तुम्हालाही आभारात घालतच होते की."

छत्री कोपऱ्यात टेकवून ते काकींसमोर उकिडवे बसले. सरांना जमिनीवर बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "ऐक गो," ते म्हणाले. "ज्याच्या हातचं त्याचं नाव लागतं. नाय लावलं तर ती चोरी."

"मग इतकी वर्सा तुमच्या चित्रांत ठिपके टाकले ता?"

सरांनी कोपऱ्यातल्या छत्रीकडे पाहिलं. "इतकी वर्षं चोरीच की," ते म्हणाले. मला वाईट वाटलं. या माणसाची इतकी थट्टा केली, पण असं केविलवाणं त्यांना बघायचं नव्हतं.

काकीच हसल्या. पेन खाली ठेवलं. "लिवायचाच तर नीट लिवा. उतेकर नको."

"म्हंजे?"

"ठिपके मला आयेनं शिकवले, कशेडीच्या घरी, अंगनात. तवा मी कळंबे व्हते. उतेकर तुमी एक हाव, तेवढा पुरे." त्यांनी आतल्या मांडणीकडे बोट केलं. "त्या कळशीवर हाय बघा. बापानं लग्नात दिली. ता नाव लिवा."

सरांनी उठून कळशी उजेडात आणली. पितळेवर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेलं नाव होतं : सुलोचना धोंडू कळंबे. रोज त्याच कळशीतलं पाणी ते पीत असणार. त्यांनी नाव दोनदा मोठ्याने वाचलं.

"आधी सौ. लावू?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"नको."

"लोक विचारतील, ही कळंबे कोण?"

"इचारतील तवा सांगा. तुमाला सांगायची हौसच हाय."

पुस्तक दिवाळीच्या तोंडावर आलं. पहिल्या पानावर प्रधान सरांच्या नावाखाली दोन ओळी होत्या, 'रेषा : गंगाराम उतेकर' आणि 'ठिपके : सुलोचना कळंबे', आणि पुढे प्रत्येक चित्राखालीही तीच दोन नावं. सापकांद्याचं मूळ मात्र सरांनी नव्याने, सरळ काढून दिलं होतं. प्रत द्यायला मी पोलादपूरला गेले. सरांनी हात धुतले, पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं आणि पानापानावर बोट ठेवून दोन्ही नावं वाचत राहिले. झाडांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. काकींनी एकदा डोकावून "बारीक छापलाय" एवढा शेरा दिला आणि फराळाचं ताट माझ्यापुढे ठेवलं.

निघाले तेव्हा संध्याकाळ होत होती. अंगणात काकींनी ठिपक्यांची मोठी रांगोळी घातली होती. बांधापाशी जाऊन सहज मागे वळून पाहिलं, तर उतेकर सर रांगोळीच्या उजव्या कोपऱ्याशी वाकून बसले होते. हातात शाळेतला खडू. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ते ठसठशीत अक्षरांत लिहीत होते : 'रांगोळी : सुलोचना कळंबे'.

"पुसा तो," काकी दारातून म्हणाल्या. "लोक हसतील."

"हसूदेत. वाचून हसूदेत."

काकी पायरी उतरून खाली आल्या, पदर सावरून वाकल्या, आणि त्यांनी ती ओळ नीट वाचून काढली. "आनि तुमचा नाव?"

"माझं कशाला?" सर खडूचे हात झटकत म्हणाले. "यात एक तरी रेघ वढली काय मी?"